शेजारच्या आजारी घरात जायचंय, पण मनात कळवळाच येत नाही

ताई, सलाम.

बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही सांगलीत गावभागात राहता, नोकरी करता, रविवारी न चुकता चर्चमध्ये उपासनेला जाता. समोरच्या खोलीतल्या बाईचा नवरा लकवा मारल्यापासून अंथरुणाला खिळून आहे. तुम्ही तिला औषधासाठी म्हणून पैसे दिलेत. ते तिने महिला गटाच्या कर्जाच्या हप्त्यात भरले असं तुमच्या कानावर आलं आणि तुमचं मन उडालं. त्यात जिन्यात कुणीतरी ऐकवलं, "ही ख्रिश्चन माणसं अशीच हळूहळू ओढतात." शेवटी तुम्ही लिहिलंय, "शेजाऱ्यावर प्रीती करा हे संदेशात ऐकते, मान डोलावते, पण खरं सांगायचं तर तिच्याबद्दल मला आतून काहीच वाटत नाही. न वाटता केलेली दया म्हणजे ढोंगच ना?"

पैशांचा राग, लोकांचं बोलणं आणि कोरडं मन, अशा तीन तक्रारी दिसतात. माझ्या मते तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी आहे. तुम्ही अजून त्या घरात गेलेल्या नाही. दारातून पैसे दिलेत आणि दारातूनच परत आलात. लांबून पाहिलेल्या माणसाबद्दल कळवळा येत नाही. लांबून दिलेल्या पैशाचा हिशेब मनातून जात नाही. आणि लांबूनच होणाऱ्या मदतीवर आजूबाजूचे संशय घेतात, कारण तिच्यात नेमकं काय चाललंय हे कुणालाच दिसत नाही.

मी मिरजेत नर्सिंग शिकले, वॉर्डात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वतीने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाते. मिरज, कुपवाड, सांगली, कधी तासगावकडे. हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती, सगळ्या घरांत जाणं झालं. त्यामुळे मी सांगते ते धर्मशास्त्र शिकवणाऱ्याचं म्हणून घेऊ नका, अंथरुणाशेजारी बसणाऱ्या बाईचं म्हणून घ्या. त्यातलंही काही घरावर अवलंबून राहील. त्या माणसाला बोलता येतं का, घरात आणखी कुणी कमावतं का, दारू किंवा मारहाणीचा काही इतिहास आहे का, मुलं किती मोठी आहेत, यावर तपशील बदलतील. मारहाणीचा इतिहास असेल तर एकटीने आत जाऊ नका, आणि मग पहिलं काम त्या बाईच्या सुरक्षिततेचं. बाकी बहुतेक घरांना पुढचं लागू पडेल.

आधी ढोंगाचं बोलू, कारण तो काटा निघाल्याशिवाय तुमचं पाऊल उचलणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली, येशूने सांगितलेली गोष्ट आपल्याला पाठ असते, म्हणून तिच्यातला क्रम नजरेतून सुटतो. येरुशलेमाहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला माणूस पडलाय. याजकाने त्याला पाहिलं. लेव्यानेही, म्हणजे मंदिरातल्या सेवकानेही, पाहिलं. दोघे पाहूनच दुसऱ्या बाजूने गेले. शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत त्या लोकांतला एक जण, मात्र तो पडला होता तिथे आला, त्याला पाहिलं, आणि तेव्हा त्याला कळवळा आला. यरीहोच्या वाटेला लागताना त्याच्या मनात कळवळा भरून आला होता असं लूक कुठेही म्हणत नाही. तो आपल्या कामाला निघालेला प्रवासी होता. त्याच्यात आणि त्या दोघांत पहिला फरक पडला तो अंतराचा. कळवळ्याबद्दल तिथे एकच वाक्य आहे, त्यानंतर सगळी हातांची कामं आहेत. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणं, पट्ट्या बांधणं, आपल्या जनावरावर बसवणं, उतारशाळेत नेणं, रात्रभर बघणं.

वॉर्डात हेच दिसायचं. नव्याने आलेल्या मुलीला वास मारणाऱ्या जखमेसमोर उभं केलं की ती तोंड फिरवायची. "तुला याच्याबद्दल प्रेम वाटतं का?" असं तिला कुणी विचारलं नाही. ड्रेसिंगचा ट्रे धर, कापूस असा बुडव, पट्टी काढताना पाण्याने भिजवून काढ म्हणजे कातडी ओढली जात नाही, हे शिकवलं. काही दिवसांनी तीच मुलगी ड्यूटीवर आल्या आल्या विचारायची, "सहा नंबरच्या आजोबांनी आज खाल्लं का?" तिला कळवळा आला होता, आणि तो हाताच्या वाटेने आला होता. ती पहिल्या दिवशी ढोंगी नव्हती, शिकाऊ होती. तुम्हीही तेवढ्याच आहात.

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांची गोष्ट आहे. बापाने मळ्यात काम करायला सांगितलं. एक म्हणाला, मी नाही जाणार, पण नंतर पस्तावून गेला. दुसरा म्हणाला, जातो महाराज, आणि गेलाच नाही. बापाची इच्छा कुणी पूर्ण केली, एवढंच येशूने विचारलं. पहिला मुलगा आनंदाने गेला की कुरकुरत गेला याची चौकशी त्या गोष्टीत नाही. ढोंग म्हणायचं तर ते दुसऱ्याचं, तोंडाने होकार भरणाऱ्याचं. संदेशात मान डोलावून घरी येणं त्याच्या जास्त जवळ जातं. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. आपण सगळ्याच मंडळीत बसून हे करतो, आणि तुम्ही निदान ते ओळखून विचारलंत.

आता पैसे. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण दया करू पाहणारी सगळ्यात जास्त माणसं इथेच मागे फिरतात.

तुम्ही औषधाला दिलेले पैसे हप्त्यात गेले, म्हणजे तिने फसवलं असं तुम्ही धरून चाललात. मला त्या बातमीत एक घर सांभाळणारी बाई दिसते. आपल्याकडे दहा-पंधरा बायकांना मिळून कर्ज देतात, आणि बऱ्याच ठिकाणी एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्यांच्या गळ्यात येतो. हप्ता गोळा करणारा माणूस एकीच्या दारात बसून राहतो, बाकीच्या बायका तिथेच बसलेल्या, सगळ्यांची कामं खोळंबलेली. ज्या बाईचा नवरा उठू शकत नाही तिला गल्लीतल्या बायकांशी बिघडवून चालत नाही. रात्री त्याला उचलायला हाक कुणाला मारणार? पुढच्या आजारपणाला कर्ज कुठून काढणार? औषध आणखी चार दिवस पुरेल असा हिशेब तिने केला असेल, हप्ता मात्र उद्यावर होता. तिच्या जागी असते तर मीही बहुधा तेच केलं असतं. तिने योग्य केलं की चुकीचं, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुम्हीही जिन्यात ऐकलेल्या गोष्टीवरून ठरवू नका. तिलाच विचारा, पण जाब म्हणून नको. "दर महिन्याला सगळ्यात जास्त ओढाताण कशाची होते?" असं विचारा. उत्तर ऐकून तुमचा राग बराचसा निवळेल असं मला वाटतं.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे. छोटी रक्कम द्यायची तर ती देऊन विसरायची, तिचा हिशेब मागायचा नाही. जिचा हिशेब सोडून देता येणार नाही इतकी मोठी रक्कम हातात न देता थेट कामाला लावायची. मेडिकलवाल्याकडे महिन्याच्या गोळ्यांचं बिल भरायचं, डायपर आणून द्यायचे, दवाखान्याच्या रिक्षाचं भाडं द्यायचं. तेही तिला आधी विचारून, तिच्या पाठीमागे दुकानदाराशी परस्पर ठरवून नाही. घरात कुणी दारूत पैसे घालवत असेल तर रोख देऊच नये, पण जाणं थांबवायचं त्याला कारण नाही.

आणि देणं म्हणजे पैसेच हे आधी मनातून काढा. बार्तीमय आंधळा होता हे यरीहोच्या वेशीवर सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? योहानाच्या पाचव्या अध्यायात अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसालाही त्याने आधी विचारलं की तुला बरं व्हायचंय का. आजारी माणसाला दिवसभर सगळे काही ना काही करत असतात, कूस वळवतात, भरवतात, पुसतात, पण त्याला विचारत कुणी नाही. विचारणं हे दयेचं पहिलं काम.

म्हणून पहिली भेट कशी घ्यायची ते सविस्तर सांगते.

"काही लागलं तर सांगा हं," हे वाक्य बोलू नका. ते म्हणणाऱ्याची सुटका होते आणि ऐकणारी कधीच काही सांगत नाही. नेमकं बोला. "शनिवारी दुपारी तीन ते पाच आम्ही दोघं इथे बसतो. तुम्ही झोपा, नाहीतर बाहेरची कामं उरका." दोघं म्हणजे तुम्ही आणि तुमचे पती, भाऊ किंवा मंडळीतला एखादा वयस्क माणूस. पुरुष रुग्णाच्या घरी एकट्या बाईने जाऊन त्याची स्वच्छता करणं आपल्याकडे त्याला स्वतःलाच अवघड होतं, त्याच्या बायकोलाही. ते काम पुरुषाने करावं. त्या बाईला त्या क्षणी पैशांपेक्षा झोप हवी असते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला उठणाऱ्या माणसाची झोप महिनोन्‌महिने तुटलेली असते, आणि तिची चिडचिड, विसराळूपणा, तुमच्याशी तुटक बोलणं याचा बराच भाग तिथून येतो.

आत गेल्यावर आधी त्याच्याशी बोला. लकव्यात उजवी बाजू गेली असेल तर बऱ्याचदा वाचाही जाते, कारण बहुतेकांत बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. पण वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही. कित्येकांना जवळजवळ सगळं कळत असतं. त्याच्या अंथरुणाशी उभं राहून त्याच्या बायकोला "हे जेवतात का, यांना कळतं का" असं विचारणं फार क्रूर आहे आणि सगळे तेच करतात. त्याच्या नजरेच्या पातळीला खाली बसा, स्वतःचं नाव सांगा, हो-नाही असं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा आणि चांगल्या हाताने तुमचा हात दाबायला सांगा. उत्तराला वेळ द्या. तो मधेच रडला तर घाबरू नका. लकव्यानंतर कधी कधी रडू आवरत नाही, त्यात दुःखही असतं आणि मेंदूला झालेली इजाही असते. गप्प बसून राहा, विषय बदलायची घाई करू नका.

मग कामं. त्याला ओढून वर सरकवायचं असेल तर लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी चादर धरून सरकवा. चादरीला चुणी राहू देऊ नका. कूस बदलताना माकडहाड, दोन्ही टाचा, घोटे आणि कंबरेचं बाहेर आलेलं हाड बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने हलकं दाबा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर बरं आहे, लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात समजा. त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि ती चोळायची तर मुळीच नाही. घरोघरी लोक तेल लावून लाल जागा चोळतात, त्याने आतलं मांस आणखी खराब होतं. टाचा अंथरुणाला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघावं, ती जागा गरम किंवा कडक लागते.

भरवायचं असेल तर त्याला नीट बसतं करा, आडवं ठेवून कधीच नाही. हनुवटी किंचित खाली, छोटा घास, तोंडाच्या चांगल्या बाजूने, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पातळ पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या रुग्णांना फार लवकर नेतो.

हे सगळं इतकं बारकाईने का लिहिलं, तर तुमचा प्रश्न ख्रिस्ती प्रीतीचा होता आणि माझ्या लेखी ती प्रीती इथे, या उशीत आणि या चमच्यात आहे. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय बघा. बंधू किंवा भगिनी उघडी-उपाशी असताना त्यांना "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" एवढंच म्हणून पाठवलं तर काय उपयोग, असं तो विचारतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा उजवीकडच्यांना सांगतो तेही अन्न, पाणी, कपडा, आजारपणातली भेट, तुरुंगातली भेट. त्यात आणखी एक गोष्ट मला धीर देते. आजारी माणसाला तुम्ही बरं केलंत का, हे तिथे विचारलेलं नाही. भेटायला आलात का, एवढंच आहे.

आपल्या भागाला ही गोष्ट जुनी ओळखीची आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती लोक सांगतात. मला मात्र त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीचा विचार जास्त येतो. आज ते सांगली-मिरज रस्त्यावरचं एक नाव झालंय, पण तिथे क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. क्षयावरचं पहिलं खरं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. त्याआधी तिथल्या माणसांजवळ रोग मारणारं काहीच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार आणि रोज न चुकता येणारी नर्स, एवढ्यावर ते चालायचं. काही बरे व्हायचे, बरेच व्हायचे नाहीत. तरी रोज सकाळी चादरी बदलल्या जायच्या आणि थुंकीची भांडी उकळली जायची. ज्या माणसाला आपण बरं करू शकत नाही त्याच्याकडे रोज जाणं ही आपल्या मातीत रुजलेली ख्रिस्ती सेवा आहे. तुमचा शेजारी उद्या उठून चालणार नाही, कदाचित कधीच नाही. "मी जाऊन काय फरक पडणार" हा विचार मनात येईल तेव्हा वानलेसवाडी आठवा.

एकदा जाणं आणि परत परत जाणं यांतला फरक तुम्हाला गावभागात राहून मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. पहिल्या काही दिवसांत बाहेरगावाहून ट्रक भरभरून बिस्किटं, पाणी, कपडे आले. त्या लोकांची दया खरी होती, रात्रीचा दिवस करून ते आले होते. पण नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेलेही आपण बघितले. पाणी ओसरल्यावर खरी अडचण सुरू झाली. भिंतींची ओल जात नव्हती, कुणाचं नाव पंचनाम्यात राहिलं, कुणाचे शाळेचे दाखले आणि रेशनकार्ड चिखलात गेले, म्हाताऱ्या माणसांचा खोकला हटेना. तेव्हा एखाद्याबरोबर तलाठी कार्यालयात उभं राहणारा माणूस मिळत नव्हता. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि वर म्हणाला, आणखी काही खर्च झाला तर मी परत आल्यावर देईन. "परत आल्यावर" हे त्या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडतं.

कागदपत्रांचं ओघात आलंच आहे तर तेही सांगते, कारण शिकलेल्या माणसाने इथे केलेली मदत वर्षभर पुरते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सांगलीच्या सिव्हिलमधून काढता येतं, त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ते आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला हातात असला की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. पुन्हा दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हे दाखल होतानाच सांगावं लागतं, बिल हातात पडल्यावर धावाधाव होते. उत्पन्नाच्या मर्यादा बदलत असतात, तेवढ्या अर्ज करताना बघून घ्या. तिला घर सोडून या खेपा मारता येत नाहीत, म्हणून हे कित्येक घरांत राहून जातं.

आता जिन्यातलं बोलणं. त्यावर चिडू नका, कारण आपल्या लोकांपैकी काहींनी मदतीला आमिष जोडलंय हे मी नाकारणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून "तुम्ही विश्वास ठेवलात तर बरे व्हाल" असं म्हणणं मला मान्य नाही. असहाय माणसावर तो दबाव आहे. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत असं त्याने विचारलं खरं, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. आपली मदत अशी असावी. मिळाली की मिळाली, पुढे तो माणूस काय मानतो, कुठल्या देवळात जातो, यावर तिचा काही धागा बांधलेला नसावा.

मी ख्रिस्ती आहे हे मी लपवत नाही, कुणी विचारलं की सरळ सांगते. का येता असं विचारलं तर प्रभू येशूमुळे येते असंही सांगते. मोठ्याने प्रार्थना घरच्यांनी स्वतःहून म्हटलं तरच करते, नाहीतर जिना उतरताना मनात करते. घरी जाताना चाळीतल्याच दुसऱ्या एखाद्या बाईला बरोबर घ्या, जिने टोमणा मारला तिलाच विचारलंत तर उत्तम. "काकू, शनिवारी तासभर याल का, मला एकटीला त्यांना वळवता येत नाही," असं म्हणा. आत काय चालतं ते तिने डोळ्यांनी बघितलं की पुढचं बोलणं तीच थांबवेल. आणि त्या घरात चहा दिला तर घ्या. गूळ-शेंगदाणे ठेवले तर खा. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागितलं. सतत घेणाऱ्या माणसाला मान खाली घालून राहावं लागतं. तिलाही तुम्हाला काहीतरी देऊ द्या. तिची भाकरी चांगली होत असेल तर शिकवायला सांगा.

मर्यादांबद्दल थोडक्यात. तुम्ही नोकरी करता, तुमचंही घर आहे. आठवड्यातून दोन तास सांगितलेत तर दोनच तास द्या, पण ते चुकवू नका. तिने तुमच्यावर विसंबून काही ठरवलेलं असतं. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. एकदम तीन घरं हातात घेऊ नका, एक घर धरा. शोमरोनीही कायम स्वतः बसून राहिला नाही, एक रात्र बघून दुसऱ्या दिवशी मालकावर सोपवून आपल्या कामाला गेला. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं आहे आणि तीनच वचनांनी पुढे प्रत्येकाने आपला भार वाहावा असंही आहे. दोन्ही खरं आहे. त्या बाईचा संसार तिचाच राहू द्या, निर्णय तिचे राहू द्या.

पाळकसाहेबांशीही, म्हणजे तुमच्या चर्चच्या पाद्रींशीही, बोला, पण "मंडळीने काहीतरी करावं" असं मोघम नको. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपात काहींची आबाळ होतेय अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी प्रीतीवर आणखी एक संदेश दिला नाही, सात माणसं नेमली. तसंच मागा. तरुण संघातले दोन धडधाकट मुलगे बुधवारी संध्याकाळी आंघोळ घालायला, महिला संघातली एक जण सोमवारी जेवण घेऊन, तुम्ही शनिवारी. कागदावर नावं आणि वार लिहा, एक प्रत त्या बाईच्या हातात द्या. कुणी कधी येणार हे कळलं की तिला दिवस आखता येतो.

या शनिवारी जा. पहिल्या दिवशी कूस बदलायला लावली नाही आणि नुसतं बसवून ठेवलं तरी चालेल. परत आल्यावर तीन गोष्टी इथे लिहा: पाठीवर किंवा टाचेवर लाल जागा आहे का आणि दाबल्यावर तिचं काय होतं, पाणी पिताना ठसका लागतो का, आणि त्याची बायको किती वेळ झोपली. त्यावरून पुढच्या आठवड्यात काय करायचं ते सांगते. जखम आधीच उघडी असेल किंवा तिला घाण वास येत असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.